एकट्याचा सामना

रात्री उत्तरपत्रिका बाजूस सारून आम्ही फासे हाती घेतो, हे वाचकांपाशी कबूल केलेले बरे. चिरंजीवांनी नेब्रास्काहून धाडलेला हा अमेरिकन कॉलेज-फुटबॉलचा बैठा खेळ. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे, नाहीतर चेंडू बहुधा प्रतिपक्षाच्या हवाली! खेळ वस्तुतः दोघांचा. पण आमचा दुसरा गडी सातासमुद्रांपलीकडे. म्हणून चढाईही आमची आणि बचावही आमचाच. निवाडा तेवढा फाशांचा.

२५ नोव्हेंबर १९७१ रोजी नेब्रास्काने ओक्लाहोमास ३५–३१ असे हरविले. काल आम्ही तोच सामना मांडला. अखेरच्या प्रयत्नास फासा मेजावरून घरंगळून जमिनीवर पडला, आणि नेब्रास्का हरले. ‘खाली पडलेला धरू नये,’ असे म्हणून आम्ही तो पुन्हा टाकला. नेब्रास्का जिंकले!

परीक्षागृहात मुलांच्या चिठ्ठ्या धरणारे आम्हीच ते! तोच फासा अनुकूल पडता, तर जमिनीवरचाही आम्ही प्रमाण मानला असता. मग जिंकले ते नेब्रास्का, की आमची पुत्रमाया?

आज चिरंजीवांस पत्र लिहिले. निकालाच्या जागी लिहिले, ‘ओक्लाहोमा विजयी.’