काळोखाची भांडी

खडेबाजारातल्या एका भांड्यांच्या दुकानात मी स्टीलचे ट्रे पालथे करून तळ चाचपत होतो. मालक म्हणाले, "कुंद्याला पाहिजे काय हो?" बेळगावात सपाट, चौकोनी ट्रे निरखणारा माणूस मिठाईवालाच असणार, हा अंदाज रास्तच. "फोटो धुवायला," मी म्हटलं. ते काही बोलले नाहीत. माळ्यावरून आणखी दोन ट्रे काढून त्यांनी समोर ठेवले.

हे सगळं सुरू झालं ते सागवानी कॅमेरा घरात आल्यावर. केरळातल्या अलेप्पीत करुणाकरन यांनी घडवलेला वागीश्वरी. या माणसाचा हात मूळचा पेटीच्या भात्यावर बसलेला; त्यातून ते कॅमेऱ्याच्या भात्याकडे वळले. माझ्या कॅमेऱ्याचा भाता एका घडीवर चिरला होता. तो आमच्याकडच्या एका पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिरानंच आतून चामडं लावून सांधून दिला. मागची चौकट सुतारानं बदलली आणि 4 बाय 5 इंचांची कटफिल्म तीत बसू लागली. आता ती धुवायची कशात, एवढंच उरलं होतं.

बंद टाकीची सोय मोठी आहे. काळोखात फिल्म आतल्या चौकटीत अडकवायच्या, झाकण लावायचं आणि दिवा लावून मोकळं व्हायचं. पण सहा फिल्म घेणाऱ्या टाकीला लिटरभर डेव्हलपर लागतो, आणि माझ्या महिन्याभराच्या फिल्म चारच. हँगरला लटकवून खोल टाक्यांत बुडवायची पद्धत रोज ढिगानं काम करणाऱ्या स्टुडिओंची. मग नळकामाच्या दुकानातून पीव्हीसी पाइप आणून पाहिला. फिल्म आत गुंडाळून पाइप लोळवत ठेवला की डेव्हलपर फार थोडा पुरतो. मात्र पाइपला चिकटलेल्या पाठीपर्यंत पाणी नीट पोचत नाही आणि तिथला रंग डागासारखा मागे राहतो.

पण ट्रेकडेच मन ओढ घेत होतं, याचं कारण हात. ट्रेमध्ये फिल्म बोटांना लागते. कोपऱ्यातल्या खाचा उजवीकडे वर लागल्या, की इमल्शनची बाजू आपल्याकडे आहे हे अंधारातही कळतं. कोरडी फिल्म पाण्यात सोडली की आधी निसरडी होते, मग मऊ. डोळे मिटलेले असोत की उघडे, तिथे फरक पडत नाही. दादरच्या घरात 1912-13 च्या सुमारास सरस्वतीबाई फाळके कोऱ्या फिल्मला काळोखात भोकं पाडत होत्या, रसायनं कालवत होत्या. 'राजा हरिश्चंद्र'चं नाव निघालं की मला आधी त्यांची बोटं आठवतात.

ट्रे घ्यायचा तो फिल्मपेक्षा एक माप मोठा, म्हणजे बोटं कडेनं खाली शिरतात. तळाला उभट रेघा हव्यातच. गुळगुळीत तळाला ओली फिल्म अशी चिकटते की नखानं उचलावी लागते, आणि नख म्हणजे ओरखडा. इनॅमलचा टवका उडाला की तिथे गंज धरतो. अॅल्युमिनियम तर नकोच, अल्कली डेव्हलपर त्याला खातो. शेवटी बंद पडलेल्या एका स्टुडिओतून तळाला रेघा असलेले प्लॅस्टिकचे तीन ट्रे मिळाले: डेव्हलपर, पाणी, हायपो. कुंद्याचा स्टील ट्रे वाया गेला नाही. त्यात खानापूरच्या माठातलं गार पाणी ओतायचं आणि डेव्हलपरचा ट्रे त्यात बसवायचा. मे महिन्यात नळाचं पाणी 28 अंशांवर असतं, तेव्हा 20 अंशांपर्यंत उतरायला माठ आणि वर चार बर्फाचे खडे, एवढं पुरतं. मापाचा ग्लास, थर्मामीटर, ढवळायची काडी, सगळं वेगळं. स्वयंपाकघरात त्यातलं काहीही परत जात नाही.

पहिल्या खेपेला मी चार फिल्म एकदम घेतल्या. खालची वर आणताना एकीचा टोकदार कोपरा दुसरीच्या ओल्या इमल्शनवरून गेला. त्या फिल्मवर अंगणात बसलेली आई होती. गालावरून हनुवटीपर्यंत एक सरळ रेघ. ती निगेटिव्ह मी टाकली नाही, पण अजून धीर करून पुन्हा पाहिलेलीही नाही.

आता दोनच फिल्म घेतो, आणि आधी साध्या पाण्यात भिजवतो, म्हणजे त्या एकमेकींना चिकटत नाहीत. घरातली मोरी हीच माझी अंधारखोली; चमकत्या काट्यांचं घड्याळसुद्धा तिच्याबाहेर ठेवतो. एफपी4 प्लस फिल्मला आयडी-11 डेव्हलपरमध्ये, पाणी न मिसळता, 20 अंशांना साडेआठ मिनिटं लागतात, म्हणजे 510 सेकंद. सेकंदाला एक मात्रा धरली तर तीनतालाची 32 आवर्तनं, 512. ट्रेमध्ये फिल्म सतत हलत असते, म्हणून वेळ थोडा कमी करून मी 28 आवर्तनांवर थांबतो. समेला खालची फिल्म वर, खालीला पुन्हा खालची वर. लहानपणी तबल्याच्या शिकवणीत हातावर मोजलेली खाली-भरी इतक्या वर्षांनी मोरीत, गुडघे दुमडून, मनातल्या मनात चालते. बाहेर आषाढातली धार लागलेली असली तर पत्र्यावरच्या पावसात लय हरवते, तेव्हा तोंडानं मोठ्यानं म्हणतो: धा धिं धिं धा.

आईला पुन्हा अंगणात बसवलं, त्याच पाटावर. या खेपेला रेघ नाही. हायपोतून निघालेली फिल्म बराच वेळ धुतली आणि दोरीला एका कोपऱ्यानं, चिमट्यात लटकवली. खालच्या टोकाला पाण्याचा थेंब जमत होता, सुटत होता. आई दाराशी आली, चष्मा सावरून खिडकीच्या उजेडात वाकून बघू लागली. बराच वेळ बघत राहिली.

"केस काळे झाले की रे माझे," ती म्हणाली.