पाठमोरा

गोरेगावच्या सेमिनरीत शिकत असताना आम्हांला संतचरित्रे वाचण्याचा मोठा नाद होता. त्यातही संत बेनेडिक्ट जोसेफ लाब्र यांचे चरित्र आम्हांला विशेष भावले होते. १७४८ साली उत्तर फ्रान्समधील आमेत या खेड्यात, पंधरा भावंडांतील थोरला म्हणून हा मुलगा जन्मास आला. मठवासी व्हावे ही त्याची एकच आस. परंतु एकामागून एक मठांनी त्याला परत पाठविले. शेवटी त्याने रस्ता हाच आपला मठ मानला. युरोपातील तीर्थक्षेत्रे पायी तुडवून तो रोममध्ये स्थिरावला. रात्री कोलोसियमच्या भग्नावशेषांत निजावे, दिवसा ज्या देवळात चाळीस तासांची आराधना असेल तेथे तासन्‌तास गुडघे टेकून राहावे, मिळालेल्या भिक्षेतले इतर भिकाऱ्यांना वाटून टाकावे, असा त्याचा क्रम. अंगावर चिंध्या आणि चिंध्यांत उवा. १७८३ च्या पवित्र आठवड्यातील बुधवारी तो देवळाच्या पायऱ्यांवर कोसळला. एका खाटकाने त्याला आपल्या घरी नेले आणि तेथेच, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्याने प्राण सोडला. संत वारला, संत वारला, असे ओरडत मुले रोमच्या गल्ल्यांतून धावत सुटली. १८८१ साली पोप तेरावे लिओ यांनी त्याला संतपद बहाल केले.

हे वाचताना आमचे डोळे पाणावत. असा एखादा मनुष्य आपल्या दारी आला, तर आपण त्याला नक्की ओळखू, अशी तेव्हा आमची पक्की समजूत होती. पुढे धर्मगुरू होऊन बावीस वर्षे उलटल्यावर एक मनुष्य आमच्या दारी आला. तो संत होता की काय, हे आम्ही सांगू शकत नाही, आणि प्रश्न तो नव्हेच. आम्ही त्याला साधा माणूस म्हणूनही ओळखले नाही. ती हकीकत आज येथे सांगावयाची आहे.

ही गोष्ट २०१९ च्या उपवासकाळातील. भस्म बुधवारनंतर आठवडाभराने, देवळापुढील जुन्या दगडी क्रुसाच्या चौथऱ्यावर एक अनोळखी गृहस्थ बसू लागला. वय चाळिशीच्या आसपास. केसांच्या जटा झालेल्या. चैत्राच्या उन्हातही अंगात एकावर एक तीन सदरे. सुतळीने बांधलेली एक पिशवी, ती तो क्षणभरही हातावेगळी करीत नसे. दिवसभर रस्त्यावरचे कागदाचे कपटे वेचावेत, चौथऱ्यावर ओळीने मांडावेत आणि त्यांच्याशी हलक्या आवाजात बोलत राहावे. कुणाच्या वाटेला तो गेला नाही. मात्र मुले त्याला पाहून पळत आणि आया त्यांना जवळ ओढून घेत.

एवढ्यावर भागले असते. पण मिस्सेची घंटा झाली की हा मनुष्य उठे, मुख्य दारापाशी येई आणि वेदीकडे पाठ करून उभा राही. सबंध मिस्सा होईपर्यंत तो पाठमोराच. ख्रिस्तशरीर उंचावले जात असतानाही तो वळत नसे. मिस्सा आटोपून शेवटचा मनुष्य बाहेर पडला की तो मुकाट्याने क्रुसापाशी परते.

हे मात्र लोकांना झोंबले. कुणी म्हणाले, हा मुद्दाम विटंबना करतो. कुणी म्हणाले, हा दुसऱ्या धर्माचा, याला कुणीतरी पाठविले असावे. कुणी त्याला करणीबाधा झाल्याचे सांगितले. आम्ही सुशिक्षित, आम्ही असे काही म्हटले नाही. पण वेदीवरून समोर पाहताना ती पाठ आमच्या नजरेत खुपत असे, आणि मनोमन आम्हीही त्याचा निवाडा करून मोकळे झालो होतो. विक्षिप्त, उद्धट, बहुधा व्यसनी. या तीन शब्दांत एका माणसाचे सारे आयुष्य आम्ही गुंडाळून ठेवले. इतक्या दिवसांत आम्ही त्याच्याशी एक वाक्यही बोललो नव्हतो, ही गोष्ट आम्हांला त्या वेळी जाणवलीसुद्धा नाही.

ईस्टरनंतर पंधरवड्याने आमच्या देवळाचा सण होता. मंडप, रोषणाई, ब्रास बँड, बाहेरगावचे पाहुणे. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत विषय निघाला: सणाच्या दिवशी हा मनुष्य दारात कसा चालेल? लहान मुलांचा पहिल्या ख्रिस्तशरीराचा सोहळाही त्याच दिवशी होता. पालकांची काळजी खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. चार तरुण पुढे झाले आणि म्हणाले, "फादर, तुम्ही काही काळजी करू नका, आम्ही बघतो." आम्ही मान डोलावली. टेम्पोच्या डिझेलसाठी पाचशे रुपये आम्हीच काढून दिले. त्याला कुठे सोडणार, हे आम्ही विचारले नाही. विचारले नाही, कारण उत्तर ऐकण्याची आमची तयारी नव्हती.

सण थाटात पार पडला. दार मोकळे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या निवासाच्या पायरीवर गावातील एक वृद्ध विधवा डबा घेऊन उभी होती. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचे कालवण.

"फादर, तो कुठं गेला?"

"कोण, मावशी?"

तिने त्याचे नाव घेतले. ते नाव आम्ही येथे लिहीत नाही. पण त्याला नाव आहे, हे आम्हांला त्या क्षणी प्रथम कळले. ही बाई गेले महिनाभर रोज दुपारी त्याला जेवण नेऊन देत होती. तिला हिंदी फारसे येत नाही, त्याला मराठी येत नव्हते. तरीही जे आम्हांला ठाऊक नव्हते, ते सारे तिला ठाऊक होते. तो झारखंडकडचा. मुंबईच्या एका उपनगरात इमारतीवर रखवालदार होता. गावी त्याला एक मुलगी आहे. पिशवीत तिची वही आहे, म्हणून तो पिशवी सोडीत नाही. पुढे डोक्यात काहीतरी बिघडले, नोकरी गेली आणि पाय नेतील तिकडे तो चालत सुटला.

"आणि मिस्सेला पाठ करून का उभा राहतो, ते विचारलंत का कधी?" आम्ही काहीशा समर्थनाच्या सुरात म्हणालो.

"विचारलं ना. तो म्हणाला, सगळे आत डोळे मिटून बसतात, मग बाहेर कुणीतरी बघायला नको? वॉचमन दाराकडे तोंड करून उभा राहिला तर रस्त्याकडे कोण बघणार?"

त्यात भ्रम किती आणि शहाणपण किती, हे आम्हांला सांगता येणार नाही. एवढे मात्र खरे, की ज्या पाठीला आम्ही देवाचा अवमान समजत होतो, ती त्याच्या समजुतीप्रमाणे आमच्यासाठी दिलेली पाठराखण होती. आणि आम्ही आमच्या पहारेकऱ्यालाच टेम्पोत घालून बाहेर काढले होते.

त्याच दिवशी आम्ही त्या चौघा तरुणांना घेऊन निघालो. पश्चिम रेल्वेवरील एका गर्दीच्या स्थानकाबाहेर त्यांनी त्याला रात्री उतरविले होते. तेथील चहावाल्याने सांगितले की असा एक मनुष्य दोन दिवस पुलाखाली बसलेला होता, आज दिसला नाही. रेल्वे पोलिसांकडे चौकशी झाली, धर्मशाळा झाल्या, सरकारी रुग्णालये झाली. पुढचे कित्येक महिने आम्ही शोधीत राहिलो. त्याचा पत्ता आम्हांला आजतागायत लागलेला नाही.

बंधुभगिनींनो, याहून लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता हे मानसोपचारतज्ज्ञ दांपत्य १९८८ पासून रस्त्यावरील मनोरुग्णांसाठी श्रद्धा पुनर्वसन संस्था चालवीत आहे. या कार्याची सुरुवात एका अशाच विचित्र तरुणापासून झाली. रस्त्यावर एक कृश, अस्ताव्यस्त तरुण नारळाच्या करवंटीने गटारातील पाणी पीत असलेला त्यांनी पाहिला. त्याला त्यांनी आपल्या रुग्णालयात नेले, औषधोपचार केले. बरा झाल्यावर उलगडले की तो विज्ञानाचा पदवीधर होता, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाचे शिक्षण घेतलेला होता, आणि त्याचे घरदार आंध्र प्रदेशात होते. पुढे संस्थेचे मोठे केंद्र कर्जत येथे उभे राहिले आणि हजारो हरवलेली माणसे उपचारानंतर आपापल्या घरी पोहोचविली गेली. याबद्दल डॉ. वाटवानी यांना २०१८ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या वर्षी आम्ही या कार्यावर याच देवळात प्रवचन केले होते! लोकांनी ते नावाजलेही होते. कर्जत आमच्यापासून काही तासांच्या वाटेवर. एक दूरध्वनी करावयाचा होता. आम्हांला तो सुचला नाही. ज्यांच्याविषयी आम्ही प्रवचन केले, तीच माणसे आमच्या क्रुसाच्या चौथऱ्यावर येऊन बसू शकतात, हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते.

कायदासुद्धा आमच्या बाजूने उभा होता. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून अमलात आला. त्यानुसार, मनोरुग्ण वाटणारा आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मनुष्य भटकताना आढळल्यास त्याला संरक्षणाखाली घेणे आणि २४ तासांच्या आत तपासणीसाठी सरकारी आरोग्यसंस्थेत नेणे, तो बेघर असल्यास बेपत्ता म्हणून नोंद करून त्याच्या घरच्यांचा माग काढणे, ही पोलीस ठाण्याची जबाबदारी आहे. म्हणजे मुलांना धोका नको आणि त्यालाही घर मिळावे, अशा दोन्ही गोष्टी साधणारी वाट होती. निवाडा न करणे म्हणजे डोळे मिटून घेणे नव्हे. उलट, निवाडा करून टाकला की डोळे मिटतात. मग वाट शोधण्याची गरजच वाटेनाशी होते.

बेल्जियममधील खील या गावाचा इतिहास याच संदर्भात मननीय आहे. मनोरुग्णांची आश्रयदाती संत डिंफ्ना हिच्या देवळात मध्ययुगापासून रुग्णांना घेऊन यात्रेकरू येत. देवळालगतची जागा अपुरी पडू लागली, तेव्हा आसपासच्या शेतकरी कुटुंबांनी त्या रुग्णांना आपल्या घरी ठेवून घेण्यास सुरुवात केली. ती प्रथा शतकानुशतके चालली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तेथे ३,५०० हून अधिक असे पाहुणे कुटुंबांतून राहत होते. संख्या घटली असली तरी प्रथा मोडली नाही. आणि विशेष हे, की त्यांना घरात ‘रुग्ण’ म्हणत नाहीत. आपल्याकडे राहणारा, जेवणारा माणूस, एवढीच त्यांची ओळख. हे काम कुण्या महापुरुषाने केले नाही. आपल्यासारख्याच एका धर्मग्रामातील कुटुंबांनी केले.

संत मार्क यांच्या शुभवर्तमानात दोन प्रसंग आहेत. एकदा प्रभू येशूच्या स्वकीयांनाच वाटले की त्याचे भान हरपले आहे, आणि ते त्याला धरून न्यावयास निघाले. लोक ज्याला वेडा म्हणतात, त्याच्या रांगेत आपला प्रभूही एकदा उभा राहिलेला आहे. दुसरा प्रसंग गरसेकरांच्या प्रदेशातील. थडग्यांमध्ये राहणाऱ्या, साखळ्या तोडणाऱ्या त्या मनुष्याला गावाने कधीच बाहेर टाकले होते. प्रभूने त्याला त्याचे नाव विचारले. तो बरा झाला, वस्त्र नेसून शांत बसला, तेव्हा गावकऱ्यांना आनंद होण्याऐवजी भय वाटले आणि त्यांनी प्रभूलाच आपल्या प्रांतातून निघून जाण्याची विनंती केली. प्रभू गेला; पण जाताना त्या मनुष्याला त्याने त्याच्या घरी, त्याच्या माणसांकडे पाठविले. पूर्वी या उताऱ्यावर प्रवचन करताना आम्ही स्वतःला प्रभूच्या शिष्यांत धरीत असू. आता आमची जागा गावकऱ्यांत आहे, हे आम्हांला कळते.

म्हणून वाचकांना आमची एवढीच विनवणी आहे. आपल्या गल्लीत, आपल्या क्रुसापाशी किंवा आपल्याच नात्यागोत्यात कुणी विचित्र वागताना दिसले, तर आधी त्याच्याविषयी मत बनवू नका. आधी त्याचे नाव विचारा. पाणी द्या. जमल्यास कुणाला तरी दूरध्वनी करा. न जमल्यास ज्याला जमेल त्याला सांगा. आमच्या गावात हे एका अशिक्षित विधवेला जमले आणि तत्त्वज्ञान, ईश्वरविज्ञान शिकलेल्या तिच्या धर्मगुरूला जमले नाही.

ती मावशी आता फार थकली आहे. पहिल्या शुक्रवारी आम्ही तिला ख्रिस्तशरीर द्यावयास घरी जातो. प्रार्थना आटोपली की ती दर वेळी विचारते, "फादर, त्याचं काही कळलं का?"

"नाही, मावशी," असे म्हणून आम्ही उठतो.