गाडीचा आवाज

वडिलांच्या मोटारसायकलीचा आवाज हेच आमच्या घराचे घड्याळ होते. धुळ्यात पांझरा नदीच्या उत्तरेस, देवपुरात, आग्रा रोडपासून थोडे आत आमचे घर. वडील सोनगीरच्या पुढील एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. संध्याकाळी गाडी गल्लीच्या तोंडाशी आली, की आई तव्यावर कळण्याची भाकरी टाकी. वडील हातपाय धुऊन पाटावर बसत, तोवर ती टम्म फुगलेली असे.

गाडी होती हिरो होंडा सीडी १००. पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालवायच्या टू-स्ट्रोक गाड्यांच्या काळात, १९८५ साली, ही शंभर सीसीची फोर-स्ट्रोक गाडी आली आणि कमी पेट्रोलात दूर जाणारी म्हणून नोकरदारांची झाली. वडिलांनी ती दुसऱ्याच्या हातची घेतली होती. ते गेल्यानंतर दोन वर्षे ती अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली. भंगारवाला दोनदा विचारून गेला. तिसऱ्यांदा तो येण्यापूर्वी मी ती चालू केली.

आवाज फाटका होता. फट्‌फट् करीत इंजिनापाशीच काहीतरी फुटत होते आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की नळीत बार उडत होता. आई दारात येऊन म्हणाली, ‘‘एवढी ओरडत नव्हती ती.’’

ओळखीच्या मिस्तरींना घरी बोलावले. त्यांनी थंड इंजिन चालू करून सायलेन्सरच्या नळीच्या तोंडाशी साबणाचे पाणी सोडले. लगेच बुडबुडे उठले. इंजिनाचे हेड आणि नळी यांच्यामध्ये एक गोल गॅस्केट असते. दोन नट आवळले, की ते दाबले जाते आणि वाट बंद होते. ते झिजले, की जळलेला वायू तेथूनच बाहेर पडतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडताच त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, नळीत उरलेले पेट्रोल पेटते आणि बार होतो. ‘‘अशी गाडी बंद खोलीत चालू ठेवू नका,’’ ते म्हणाले. या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो, ना वास.

मी पाना घेऊन सरसावलो. मिस्तरींनी हात धरला. ‘‘दादा, जोर लावू नका. गंजलेला स्टड तुटला, तर हेड उतरवून लेथवर न्यावं लागेल.’’ नटांवर घासलेट सोडून आम्ही गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी नट मुकाट्याने फिरले.

नळी खाली आली तेव्हा मिस्तरी थांबले. गॅस्केटच्या जागी काळी पडलेली, भुगा झालेली दोरी होती. ‘‘कोणीतरी अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळून काम भागवलंय. बऱ्याच वर्षांपूर्वीचं दिसतं.’’ त्यांनी ती पाण्याने भिजवून मगच खरवडली. तिची धूळ फुप्फुसांना घातक असते.

ते कोणीतरी म्हणजे कोण, हे मला कळले होते. नळीचे तोंड गंजून पातळ झाले होते. नवा सायलेन्सर घेणे भाग होते आणि वडिलांनी तो घेतला नव्हता. मी महाविद्यालयात असताना गाडीचा आवाज वाढला होता, हे मला आठवले. ‘‘दुरुस्त का करीत नाही?’’ असे मी विचारले, की ते म्हणत, ‘‘चालते आहे ना!’’ मित्र हसतील म्हणून मी त्यांना फाटकाच्या बरेच अलीकडे गाडी थांबवायला सांगत असे. ते थांबवीत. कारण त्यांनी कधी विचारले नाही.

पांझरेचा पूल ओलांडून मी गावातून नवा सायलेन्सर आणि गॅस्केट आणले. मिस्तरींनी आधी सगळे बोल्ट हातानेच सैल बसवले. मग पुढचे दोन नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळले आणि पायदानाजवळचा मागचा बोल्ट सर्वांत शेवटी. मागचा आधी आवळला, तर नळी ओढली जाते, तोंड तिरके बसते आणि गळती कायम राहते. एक फेरी मारून, इंजिन निवल्यावर पुढचे नट त्यांनी पुन्हा तपासले.

गाडी आता मऊ, एकसारखी चालू लागली. आई ओट्यावर उभी राहून ऐकत होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, ‘‘हाई त्यासनी गाडी वाटत नही.’’

मी तिला दोरीची गोष्ट सांगितली. इतकी वर्षे ती ज्या आवाजावर भाकरी टाकीत होती, तो गळतीचा आवाज होता. ती काही बोलली नाही. पदराने टाकीवरची धूळ पुसून आत गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कार्यालयातून गाडीवर परतलो, तेव्हा तवा थंड होता. मी आल्याचे तिला कळलेच नव्हते. तेव्हापासून गल्लीच्या तोंडाशी मी एकदा हॉर्न वाजवतो.