क्रिएटिनिन १.१ आलंय, पण कुणाचं?

शिरूर-दौंडच्या गावागावांत सध्या आरोग्य शिबिरं होतायत. बॅनर लागतात, फोटो निघतात. चांगलंच आहे. दुसऱ्या दिवशी मात्र रिपोर्टचे फोटो माझ्या व्हॉट्सॲपवर येतात (आयुष्य लॅबमध्ये गेलं, लोक हक्काने पाठवतात) आणि प्रश्न ठरलेला: "तात्या, आईचं क्रिएटिनिन १.१ आहे. नॉर्मल ना?"

वय कळल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही. २५ वर्षांच्या पोराचं १.१ असेल तर सूत्राने त्याच्या किडनीचा गाळण्याचा वेग, म्हणजे ईजीएफआर, ९५च्या आसपास येतो. ७५ वर्षांच्या आजीचं तेच १.१ असेल तर जेमतेम ५२. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंतून, आणि म्हातारपणी अंगावर मांस कितीसं उरतं? कचराच कमी, म्हणून किडनी मंदावली तरी रिपोर्ट छान दिसतो.

आता ५२ ऐकून लगेच गाडी काढून पुण्याला पळू नका. चाळिशीनंतर हा वेग वर्षाला साधारण १ने उतरतो, धडधाकट माणसाचासुद्धा. अमेरिकेत मेयो क्लिनिकने निरोगी किडनीदाते तपासले, तर विशीत एका किडनीत सुमारे १० लाख चालू गाळण्या होत्या, सत्तरीत सव्वापाच लाखांच्या आसपास. लघवीतून प्रथिनं जात नसतील आणि तीन महिन्यांनीही आकडा तिथंच असेल, तर तो बहुधा वयाचाच. तरी डॉक्टरांना दाखवाच.

हृदयाचंही तसंच. बसल्या जागी ते बऱ्यापैकी पूर्वीसारखं चालतं, फरक चढावर कळतो. ठोक्यांची कमाल मर्यादा ढोबळमानाने २२० वजा वय, म्हणजे सत्तरीत १५०. रक्तवाहिन्या ताठर होतात, वरचं बीपी चढतं. पण पायाला सूज, आडवं झालं की धाप, याला "वय झालं" म्हणून सोडायचं नाही.

खरी भीती वेगळीच आहे. आजी उन्हात खुरपायला जाते. या वयात तहानही कमी लागते. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असते, त्यात गुडघ्यासाठी कुणीतरी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून देतं. तरुण किडनी हे सोसते. निम्म्या गाळण्यांवर चाललेली किडनी दोन दिवसांत बसू शकते. म्हणून बीपीची गोळी मनाने बंद करू नका, दुखण्याची गोळी मनाने सुरू करू नका.

आपल्याच शिरूर तालुक्यात, वढू बुद्रुकला, पुण्याच्या केईएमचं ग्रामीण संशोधन केंद्र आहे. पन्नाशीपुढच्या गावकऱ्यांच्या तब्येतीचा अभ्यास तिथं झालाय. म्हणजे खेड्यात हे जमत नाही, असं कुणी सांगू नये.

शिबिरं भरवणाऱ्या मंडळांना आणि ग्रामपंचायतींना एवढंच मागणं आहे. पुढच्या वेळी लॅबशी दर ठरवताना दोन गोष्टी लिहून घ्या. साठीपुढच्या प्रत्येकाच्या रिपोर्टवर क्रिएटिनिनशेजारी ईजीएफआर छापायचा (नुसतं गणित आहे, जादा केमिकल लागत नाही) आणि लघवीतली प्रथिनं तपासायची. बॅनर थोडा लहान केला तरी चालेल.