दुसऱ्या नंबरचे आजोबा

परवा मुलगी शाळेच्या शर्यतीत दुसरी आली. पळतच घरी आली, हातात पदक होतं. आणि माझ्या तोंडून काय निघालं? "मग पहिली कोण आली?" तिचा चेहरा पडला. तुमच्याही घरी कधीतरी असं झालं असेल. त्या रात्री मला फ्रान्सचे सायकलपटू रेमों पुलिदोर आठवले.

शेतकरी कुटुंबात १९३६ साली जन्मलेले पुलिदोर 'टूर द फ्रान्स' ही जगप्रसिद्ध शर्यत १४ वेळा खेळले. तीनदा दुसरे आले, पाचदा तिसरे. पहिले एकदाही नाही. एकूण वेळेत जो सगळ्यांच्या पुढे असतो, त्याला या शर्यतीत पिवळी जर्सी मिळते. ती त्यांच्या अंगावर एक दिवसही आली नाही.

१९६४ साली ती अगदी जवळ आली होती. मोनॅकोत रेषा ओलांडली तेव्हा शर्यत संपली असं त्यांना वाटलं, पण अजून एक फेरी बाकी होती. तो टप्पा प्रतिस्पर्धी जाक आंक्तिल यांनी जिंकला आणि बक्षीस म्हणून एका मिनिटाची सूट मिळवली. पुढे पुई द डोमच्या चढावर दोघे कोपराला कोपर लावून झुंजले. पुलिदोर पुढे निघाले, पण आंक्तिल यांची आघाडी १४ सेकंदांनी टिकली. पॅरिसला पोचल्यावर अंतर होतं फक्त ५५ सेकंदांचं.

आता गंमत बघा. आंक्तिल ही शर्यत पाच वेळा जिंकले, पण रस्त्याच्या कडेला उभे असलेले लोक जीव टाकायचे ते लाडक्या 'पुपू'वर! आणि पुलिदोर काही नेहमीच हरणारे नव्हते. १९६१ साली त्यांनी मिलान-सान रेमो जिंकली, १९६४ मध्येच स्पेनची मोठी शर्यतही जिंकली. वयाच्या चाळिशीत, १९७६ साली, ते पुन्हा टूरमध्ये तिसरे आले. पण 'कायमचा दुसरा' हा शिक्का एकदा बसला, की बाकीचं कोण पाहतो?

पिवळी जर्सी मात्र घरात आली. १९८४ मध्ये त्यांचे जावई आद्री व्हान डर पूल यांनी ती एक दिवस घातली. २०१९ साली पुलिदोर गेले. २०२१ मध्ये नातू मॅथ्यू आपल्या पहिल्याच टूरमध्ये, दुसऱ्याच दिवशी जिंकला. रेषा ओलांडताना त्याने आकाशाकडे बोट केलं आणि नंतर रडला. पिवळी जर्सी त्याच्याकडे सहा दिवस राहिली. आजोबा ते बघायला नव्हते, ही हळहळ उरतेच.

सकाळी मी मुलीला जवळ घेऊन विचारलं, "शर्यत कशी झाली, सांग ना." ती अर्धा तास बोलत होती.