सोरायसिस आणि ताकदीचे डबे

आमच्या थोरल्या ताईला सोरायसिस आहे. शरीराची प्रतिकारशक्तीच कातडीवर उलटते, म्हणून चट्टे उठतात. तो स्पर्शाने पसरत नाही. तरी लग्नाच्या पंगतीत लोक तिच्याशेजारी बसत नाहीत. शिवाशिव भोगलेल्या आपल्या समाजात हे शोभत नाही.

सोरायसिसच्या रोग्यांत लठ्ठपणा, मधुमेह, हृदयविकार अधिक आढळतात. ही भीती दाखवून एका विक्रेत्याने ताईच्या गळ्यात दोन हजारांचे पावडरचे डबे मारले. दाजी गिरणीतून निवृत्त. तेवढ्यात महिन्याचा किराणा आला असता.

गोळ्यांचा गुण किती? नॉर्वेत १२२ रोग्यांना हिवाळ्यात चार महिने ड जीवनसत्त्व देऊन पाहिले. २०२३ साली निकाल छापला : औषध नसलेल्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा चट्टे जास्त कमी झाले नाहीत. माशाच्या तेलाचेही निकाल एकसारखे नाहीत. वाढलेले वजन उतरवल्याने मात्र चट्टे आणि साखर दोन्हींना फायदा होतो. मेथोट्रेक्सेट चालू असेल तर डॉक्टरांनी दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी सोडू नये. ती त्या औषधाचा त्रास कमी करते.

बंधू-भगिनींनो, डब्याचे पैसे साखर, रक्तदाब, चरबी तपासण्यास लावा. तेलकट कमी करा, डाळ-भाजी वाढवा, तंबाखू-दारू सोडा. आणि पंगतीत रोग्याच्या मांडीला मांडी लावून बसा.