पानिपतला गेलेली गाडी

‘‘गाडीचं पानिपत करायला थेट पानिपतलाच जायचं होय?’’ आत्यानं चहाचा कप टेबलावर ठेवत विचारलं आणि आतोबांचा चेहरा पडला.

तिचं तरी काय चुकलं? मराठी माणसाच्या तोंडी या गावाचं नाव येतं ते काहीतरी धुळीला मिळाल्यावरच. पण दिल्लीतल्या दोन-तीन गॅरेजवाल्यांनी हात वर केल्यावर आतोबांना कुणीतरी पानिपतच्या एका म्हाताऱ्या उस्तादांचं नाव सुचवलं होतं. मी सुट्टीवर दिल्लीत होते. मग काय, निघालो तिघं!

प्रश्न होता आतोबांच्या ‘लाडकी’चा. लाडकी म्हणजे ट्रायम्फ स्पिटफायर, 1968 सालची, दोनच सीटची, कापडी टपाची, लालचुटुक स्पोर्ट्स कार. पन्नाशी ओलांडलेल्या अशा गाड्यांना 2021च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. मात्र त्या रोज फिरवायच्या नाहीत. प्रदर्शन, व्हिंटेज गाड्यांची फेरी, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायच्या.

अशाच एका फेरीहून गेल्या वर्षी परतताना लाडकीनं ब्रेक दाबताक्षणी डावीकडे उडी घेतली. समोरून बस येत होती. थोडक्यात निभावलं, पण आत्या तिथंच उतरली आणि रिक्षानं घरी गेली. त्या दिवसापासून ती गाडीत बसलेली नाही. इंग्लंडमधली लेकही फोनवर एकच सांगायची, ‘‘बाबा, विकून टाका.’’ आतोबा पंच्याहत्तरीचे. त्यांनी गाडी विकलीही नाही आणि चालवलीही नाही. रोज सकाळी नुसती पुसायचे...

शेवटी लेकीलाच राहवलं नाही. दिवाळीला आली तेव्हा तिच्या बॅगेत कपड्यांपेक्षा रबर आणि पितळच जास्त होतं. या गाडीचे सुटे भाग इंग्लंडमध्ये आजही नवे बनवून मिळतात!

‘ये तो हेराल्ड है!’

लाडकीला टोइंगच्या ट्रकवर चढवलं आणि आम्ही टॅक्सीनं मागून निघालो. कुंडली, मुरथळचे पराठे, गन्नौर, समालखा... दिल्लीपासून साधारण नव्वद किलोमीटरवर पानिपत. जुन्या जी. टी. रोडचाच हा मार्ग. शेरशहापासून इंग्रजांपर्यंत सगळे याच वाटेनं गेले.

उस्तादांचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड. त्यांनी गाडी जॅकवर चढवली, खाली भक्कम स्टँड लावले आणि वाकून पाहिलं. मग हसले, ‘‘अरे, ये तो हेराल्ड है!’’

वाचकांपैकी अनेकांच्या घरी कधीकाळी स्टँडर्ड हेराल्ड असेल. 1961पासून ती मद्रासला बनू लागली. इंग्लंडमधल्या ट्रायम्फ हेराल्डचाच तो भारतीय अवतार. 1962 साली त्याच हेराल्डचा सांगाडा आखूड करून स्पिटफायर घडवली गेली. दोघींचं रूप रेखाटलं ते एकाच इटालियन माणसानं, जोव्हानी मिकेलोत्ती यांनी. थोडक्यात, लाडकी ही आपल्या साध्यासुध्या हेराल्डची नटवी धाकटी बहीण! आणि उस्तादांची उमेदवारी हेराल्डवरच झालेली.

त्यांनी पुढचं चाक वर-खाली धरून हलवलं. खट्... खट्... ‘‘सुना?’’ मला म्हणाले.

चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये जे आर्म, स्प्रिंगा, शॉकअॅब्सॉर्बर आणि रबरी बुश असतात, त्या सगळ्यांचं मिळून सस्पेन्शन होतं. खड्ड्याचा धक्का सोसायचा आणि चाक रस्त्यावर नीट टेकवून ठेवायचं, ही त्याची दुहेरी चाकरी. त्यातले रबरी बुश वर्षानुवर्षं दबून, तापून, चिरून जातात. मग आर्म जागेवर राहत नाहीत, चाकाची दिशा ढळते आणि ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढते. टायर एकाच कडेनं झिजत असेल, तर कुठल्याही गाडीवाल्यानं ही शंका घ्यावी.

पण खरा घोटाळा पुढंच होता. या गाडीत पुढच्या चाकाचा उभा दांडा खाली एका पितळी ठोकळ्यात आट्यांनी बसतो आणि स्टिअरिंग वळवलं की त्यात फिरतो. त्याला ट्रनियन म्हणतात. त्यात गिअर ऑइलच घालायचं असतं. आधीच्या कुणा मेकॅनिकनं ग्रीस भरलं होतं. घट्ट ग्रीस आट्यांत नीट पोहोचत नाही, पाणी शिरतं, पोलादी आटे गंजतात आणि एखाद्या दिवशी दांडाच तुटून चाक आडवं होतं.

उस्तादांनी डावा ठोकळा उलगडून आतोबांच्या हातावर ठेवला. दांड्याचे आटे लाल गंजानं खाल्लेले होते. ‘‘साहब, ऊपरवाले का शुक्र मानिए.’’

आतोबा काहीच बोलले नाहीत. ती समोरून येणारी बस मात्र त्यांना पुन्हा दिसली असावी.

जुन्याचं नवं करणारं गाव

काम संध्याकाळपर्यंत चालणार होतं. आम्ही रिक्षानं काला आंबला गेलो. गावापासून सात-आठ किलोमीटरवर, 14 जानेवारी 1761च्या त्या संग्रामाचं हे स्मारक. आता इथं बाग आहे, लोखंडी कठड्यात उभा स्तंभ आहे. रक्तानं काळवंडल्याची कथा ज्या आंब्याबद्दल सांगतात, तो केव्हाच वठला. पण त्याच्या लाकडातून पुढं दरवाजे घडवले गेले. आत्यानं चप्पल काढून हात जोडले. बराच वेळ तिघंही गप्प होतो.

परतताना रस्त्याकडेला कपड्यांचे डोंगर दिसले. स्वेटर, कोट, मफलर! जगभरातले टाकलेले लोकरी कपडे पानिपतला येतात. बायका त्यांची बटणं, चेन, अस्तर काढतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात. मग यंत्रात त्यांच्या चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढतात आणि त्याची ब्लँकेटं विणतात. या धाग्याला ‘शॉडी’ म्हणतात. भूकंप, पुरात वाटली जाणारी स्वस्त ब्लँकेटं कित्येक वर्षं इथूनच गेली. हल्ली नव्या पॉलिस्टर ब्लँकेटांनी हा धंदा बराच ओढून घेतलाय, तरी ढीग अजून येतातच.

‘‘अगं, हे गाव तर झिजलेल्यावरच जगतं की!’’ आत्या म्हणाली.

‘माताजी, बैठिए’

गॅरेजमध्ये नवे बुश, नवे ट्रनियन, नवे दांडे बसले होते. डावीकडचे आटे उलटे, उजवीकडचे सुलटे, म्हणून बाजू बदलून चालत नाही. डावं खराब असलं तरी उस्तादांनी उजवंही बदललं. ‘‘जोडी एकदमच बदलायची,’’ हा त्यांचा नियम. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जीव घेते, म्हणून ती उतरवताना त्यांनी पोरांना लांब पिटाळलं होतं.

शेवटचे बोल्ट मात्र त्यांनी ढिलेच ठेवले आणि गाडी चाकांवर उतरवली. ‘‘अब दोनों बैठिए. माताजी, आप भी.’’

आत्या दचकली. उस्तादांनी समजावलं. गाडी अधांतरी असताना रबरी बुश आवळले, तर गाडी खाली उतरताच ते पिळवटतात आणि लवकर फाटतात. म्हणून माणसांचा भार अंगावर घेऊन, गाडी रस्त्यावर उभी राहील तशी उभी करूनच ते आवळायचे. आतोबा बसले होतेच. दुसरी सीट रिकामी होती.

आत्यानं एकदा गाडीकडं पाहिलं, एकदा आतोबांकडं. मग पदर सावरून बसली. खालून पान्याचा आवाज येत राहिला. दहा-पंधरा मिनिटं दोघं एकमेकांशी न बोलता समोरच्या पत्र्याकडं पाहत होती.

‘‘अहो, हा तो गंजलेला ठोकळा घरी घेऊन चला,’’ ती एकदम म्हणाली. ‘‘देवघराखाली ठेवते. पुन्हा कुणी ग्रीस भरायला आलं की दाखवायला!’’

गावातच चाकांचं अलाइनमेंट झालं, रिकाम्या रस्त्यावर दोनदा ब्रेक दाबून पाहिले. लाडकी सरळ रेषेत थांबली. आता टोइंगचा ट्रक नको होता. मी टॅक्सीकडं वळले आणि आत्याला हाक मारली.

‘‘तू हो पुढं,’’ ती म्हणाली. गाडीतून उतरलीच नाही ती.

पण मी पुढं गेले नाही. समालख्यापर्यंत त्यांच्या मागंच राहिले. साठच्या वेगानं जाणारी लाल गाडी आणि तिच्यात मफलर गुंडाळलेली दोन डोकी. लेकीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, ‘‘पुढच्या वेळी मागच्या चाकांचे बुश आणते.’’